रेवताबाईच्या हाताला जाळ लागत नसे

रेवताबाईच्या हाताला जाळ लागत नाही, हे अड्याळात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचं कुणाला नवल वाटत नसे, अभिमान मात्र वाटे.

लांब रोटी करणं हे कुणाही बाईला जमणारं काम नव्हे. गव्हाचं पीठ धोतराच्या फडक्यातून गाळायचं, कणीक सैल भिजवायची आणि परातीत आपटून आपटून अशी करायची, की उचलली तर तुटू नये आणि सोडली तर थांबू नये. मग तिचा गोळा दोन्ही हातांवर घेऊन या हातावरून त्या हातावर, पंजावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत खेळवत न्यायचा. आपल्याच वजनानं तो लांबत जातो. आरपार उजेड दिसू लागला, की चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर एका झटक्यात पसरायचा. पाण्याचा घोट घ्यावा तेवढ्या वेळात रोटी भाजते. खरी पंचाईत ती उचलताना. बाकीच्या बायका बोटं पाण्यात बुडवत, फुंकर मारत, चुकचुकत उचलत. रेवताबाई कोरड्या बोटांनी उचलायची, मडक्यावरच तिची चौघडी घालायची आणि बोलत बोलत टोपलीत ठेवायची.

तिची सासू पाहुण्यांना मुद्दाम चुलीजवळ बोलवायची. म्हणायची, आमच्या रेवताले जाळ चावत नाही, देवाची देण आहे.

ही देण नेमकी कधी आली ते रेवताबाईलाही सांगता आलं नसतं. लग्न होऊन आली तेव्हा तिचीही बोटं भाजत. दोन लेकरं जाऊन तिसरी शकुन जगली, त्यानंतर केव्हा तरी उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट शहाणी झाली, असं तिला वाटे. मनगटाजवळ रुपयाएवढा एक फिका डाग होता. तो बांगड्यांखाली झाकला जाई. रोवणीच्या चिखलात, धान कापताना, हाताला काय काय होतं. डागाकडे कोण बघतो?

घरी तीन एकर धानाची शेती, नवरा सेवकराम अबोल. या घरात रेवताबाईला जे नाव मिळालं ते हातांमुळे मिळालं. लग्नघरची माणसं हळदकुंकू, सुपारी घेऊन तिला बोलवायला येत. परत येताना ओटीत खण आणि नारळ असे. ती मांडवात शिरली की आधीच बसलेल्या बायका चुलीसमोरची जागा मोकळी करून देत. एवढ्या एका जागेवर तिला कुणी सरक म्हणत नसे.

सत्त्याहत्तर साली गावात सुलोचनाबाई नावाच्या ग्रामसेविका आल्या. वर्धेकडच्या, तिशीच्या, सडपातळ. दर बुधवारी एकेका घरच्या आंगणात त्या स्वयंपाकाचं प्रात्यक्षिक घेत: पालेभाजी घातलेलं वरण, शेंगदाण्याची सुखडी, लेकरांसाठी नाचणीचं सत्त्व. बायका शिकायला कमी आणि दुसरीचं घर आतून बघायला जास्त जमत. पण सुलोचनाबाई चूल पेटवायच्या आधी अर्धा तास हातच धुवायला लावत. पाण्याच्या गुंडात हात बुडवायचा नाही, लोट्यानं वरून पाणी घ्यायचं. साबण नसेल तर राख. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटापर्यंत.

रेवताबाईच्या शेजारची कुंताबाई एकदा म्हणाली, "बाई, एवढे लाड मी नवऱ्याचे केले असते, तर तो नांगर सोडून घरीच बसला असता." सगळ्या हसल्या. सुलोचनाबाईही हसल्या आणि म्हणाल्या, धुतलेले हात आता लुगड्याला पुसू नका. तोवर अर्ध्याजणींनी पुसले होते.

पुढे पुढे बायका येईनाशा झाल्या. नाचणीचं सत्त्व किती वेळा बघणार? त्यातच जिल्ह्याहून मोठ्या बाई प्रात्यक्षिक पाहायला येणार असं कळलं. सुलोचनाबाईंनी विचार केला आणि रेवताबाईला गाठलं. तुम्ही लांब रोटी करा म्हणाल्या, गाव लोटेल. गाव लोटेल हे खरंच होतं. रेवताबाईनं आपलं आंगण सारवून ठेवलं.

मोठ्या बाईंसोबत रबरी हातमोज्यांचे दोन जोड आले. दवाखान्यात वापरतात तसे, आतून पांढरी पावडर लावलेले. अन्नाला हात न लावता ते कसं हाताळावं हे बायकांना दिसलं पाहिजे, असं मोठ्या बाईंचं म्हणणं होतं. सुलोचनाबाईंनी दबक्या आवाजात सांगून पाहिलं, की हा प्रकार उघड्या हातांचाच आहे. पण मोठ्या बाई खुर्चीवर बसल्या होत्या आणि सुलोचनाबाई उभ्या होत्या.

रेवताबाईनं आधी सगळ्यांसमोर हात धुतले, बेचक्यांसकट. मग मोजे चढवले. कणीक रबराला चिकटली. पहिली रोटी मनगटापर्यंत पोचलीच नाही, मधेच फाटून परातीत पडली. दुसरीही पडली. बायका पदराआड हसू लागल्या. रेवताबाईच्या हातून रोटी फाटताना आजवर कुणी पाहिली नव्हती. ती लाल झाली. मोज्यांना तेल चोपडून तिनं तिसरी रोटी कशीबशी लांबवली, मडक्यावर टाकली, आणि आपल्या नेहमीच्या सवयीनं उचलायला हात घातला.

वास सगळ्यांना आला. जळक्या रबराचा, उग्र. रेवताबाईनंही नाक वर केलं.

"कायचा वास येऊन राहिला वो?" ती चुलीत वाकून बघत म्हणाली. "लाकडात काही गेलं का?"

"रेवता, तुहा हात," कुंताबाई म्हणाली.

करंगळीवर आणि शेजारच्या बोटावर रबर वितळून बसलं होतं. रेवताबाईनं मोजा ओढून काढला तर त्याच्यासोबत कातडीही आली. दुसऱ्या कुणाचं काही सांडावं, तशी ती त्याकडे बघत होती. कपाळावर एक आठी नाही. जमलेल्यांतल्या म्हाताऱ्या सत्यभामाबाईंनी हात जोडले. मोठ्या बाईंनी खेड्यातल्या बायकांच्या सहनशीलतेचं कौतुक केलं आणि त्या जीपमध्ये बसून गेल्या.  सुलोचनाबाईंचं लक्ष मात्र त्या दोन बोटांवरून हटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या एकट्या आल्या. फोडांना मलम लावून झाल्यावर त्यांनी रेवताबाईला डोळे मिटायला सांगितलं आणि देवापुढची कापसाची कोरी वात उचलली. मी जिथं टेकवीन तिथं बोट ठेवा, म्हणाल्या. डाव्या हातावर रेवताबाईनं प्रत्येक वेळी बरोबर बोट ठेवलं. उजव्या हाताला ती वाट बघत राहिली.

"लावा ना, बाई."

सुलोचनाबाईंनी वात आधीच पाच ठिकाणी टेकवली होती.

पुढचा शब्द रेवताबाईनंच उच्चारला. रगतपिती. तिच्या माहेरच्या गावी एक म्हातारा तळ्याच्या पाळीवर झोपडीत राहायचा. त्याचं जेवण दगडावर ठेवून माणसं मागं सरत.

सुलोचनाबाई पुष्कळ बोलल्या. वेळेत कळलं, गोळ्या आहेत, काही वर्षं नेमानं घेतल्या की रोग जातो. गेलेली जाणीव मात्र परत येईलच असं नाही, म्हणून हात भाजण्याकापण्यापासून जपायचा. आणि तुमच्या हातचं खाऊन कुणाला काही होत नाही. असं म्हणून त्यांनी शिंक्यावरच्या टोपलीतली कालची रोटी काढली आणि तिथं बसून खाल्ली. रेवताबाई बघत होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं एकच विचारलं.

"शकुनच्या लग्नाचं कसं होईन?"

शकुन तेव्हा बारा वर्षांची होती.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कुष्ठरोगच असल्याचं सांगितलं. गोळ्या वाटणारा माणूस सायकलवर येत असे, आणि ती सायकल कोणत्या दारासमोर थांबते हे गाव मोजून असे. म्हणून सुलोचनाबाई स्वतः गोळ्या आणू लागल्या. बुधवारी पिशवीत पालकाच्या बियांच्या पुड्या असत आणि त्यात एक पुडी रेवताबाईची. जुन्या गोधडीच्या घड्या शिवून त्यांनी जाड हातमोजे करून दिले. ते घातल्याशिवाय चुलीवरच्या भांड्याला हात लावायचा नाही, आणि लांब रोटी अजिबात करायची नाही, अशी अट घातली.

सुपारी घेऊन आलेल्या माणसांना रेवताबाई नाही म्हणू लागली. कधी पाठ दुखते, कधी घरी पाहुणे. पहिल्या वर्षी माणसं हळहळली, दुसऱ्या वर्षी चिडली. जीपवाल्या बाईनं कौतुक केलं म्हणून डोक्यात हवा गेली, असं ठरलं. कुंताबाई आंगणातून ओरडून विचारायची, "काय वो मोजेवाली, आज कोणता साहेब येऊन राहिला?" रेवताबाई हसून घ्यायची. लोक गर्विष्ठ म्हणतात तोवर बरं, असा तिचा हिशेब होता. गर्विष्ठ बाईच्या लेकीला स्थळ येतं.

सेवकरामला तिनं वर्षभर सांगितलं नाही. एक दिवस त्यानं तिला गोळी गिळताना पाहिलं, पुडी हातात घेऊन वाचली आणि परत दिली. दुसऱ्या दिवसापासून भाताचा गंज तो स्वतः चुलीवरून उतरवू लागला. त्याची आई म्हणाली, बायकोचा गडी झाला. त्यानं गंज खाली ठेवला, हात झटकले आणि शेतावर गेला.

शकुनला मात्र कुणीच काही सांगितलं नाही. तिला एवढंच दिसलं, की माय आता जवळ घेत नाही. मायचं ताट वेगळं झालं, लोटा वेगळा झाला. एकदा ती कंगवा घेऊन मायसमोर बसली तर रेवताबाई उठून घरामागच्या सांदवाडीत गेली. त्यानंतर शकुन वेणी घालून घ्यायला कुंताबाईकडे जाऊ लागली. एवढं दूर राहायची गरज नाही, गोळ्या सुरू आहेत, असं सुलोचनाबाई दर बुधवारी बजावत. रेवताबाई मान हलवी, पण तिचे हात मागंच राहत. शकुन कणीक घेऊन मला लांब रोटी शिकव म्हणाली, तेव्हाही तिनं झिडकारलं. शकुन त्यावर रडली नाही. तिनं विचारणं सोडलं.

त्र्याऐंशीच्या वैशाखात शकुनचं लग्न ठरलं. शहापूरच्या इश्वरजींचा मुलगा तेजराम, घर हमरस्त्याला, बैलजोडी, विहीर. शहापूरची माणसं बोलणीला आली तेव्हा इश्वरजी म्हणाले होते, व्याहीणबाईच्या हातची रोटी आम्ही दहा वर्षांपासून ऐकून आहोत. त्यांच्या भाऊकीत रीतच होती, की व्याह्यांच्या पहिल्या पंगतीची रोटी नवरीच्या मायनं स्वतः टाकायची. नवरीच्या मायनं कणकेला हात लावला नाही तर शंभर तोंडं 'काहून?' म्हणून विचारतात.

सुलोचनाबाईंची दोन वर्षांपूर्वी बदली झाली होती, तेव्हापासून गोळ्या सेवकराम दवाखान्यातून आणत असे. त्या आदल्या दिवशी एसटीनं आल्या. मोजे घाला म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता स्वतःच थांबल्या. मग म्हणाल्या, कुंताबाईला करू द्या, तुम्ही नुसत्या बाजूला बसा.

"बसते. अन् विचारलं तर काय सांगू?"

"हात दुखतो म्हणून सांगा."

"सहा वर्सं तेच सांगून राहिली, बाई. उद्या नाही चालत. उद्या ते पाहाले येऊन राहिले." रेवताबाई कणीक भिजवत होती. "पोरगी एकदाची त्या घरात जाऊ द्या. मंग हाताचं पाहू."

चूल सकाळी पेटली. सुलोचनाबाई थंड पाण्याचं घमेलं घेऊन शेजारी बसल्या आणि दर रोटीनंतर तिचा हात धरून पाण्यात घालू लागल्या. पहिल्या वीस रोट्यांपर्यंत ते जमलं. मग वाढपी टोपल्या मागू लागले, पंगतीतून हाका येऊ लागल्या, आणि रेवताबाईचा हात पाण्यापर्यंत येईनासा झाला. सहा वर्षांनी तो हात मोकळा झाला होता. कणीक मनगटावरून कोपरापर्यंत धावत होती. बायका काम सोडून भोवती उभ्या राहिल्या, जुने बोल विसरून गेल्या. शकुन मुंडावळ्या बांधलेली तशीच दारात येऊन उभी होती. इश्वरजींनी पंगतीतून मोठ्यानं विचारलं, की ही रोटी आहे की रुमाल? सत्तर रोट्या झाल्या. सुलोचनाबाई घमेल्यातल्या पाण्याकडे बघत बसल्या होत्या. पाण्यावर कातडीचे पापुद्रे तरंगत होते.

वरात निघताना रेवताबाईनं हात पदरात गुंडाळून घेतला होता. शकुन पाया पडली, तेव्हा तिनं डावा हात लेकीच्या डोक्यावर ठेवला. सहा वर्षांत पहिल्यांदा.

हात त्यानंतर जपला असता तर कदाचित राहिला असता. पण आषाढात रोवणी लागली. लेकीचं लग्न होताच माय घरी बसली तर तोंडं पुन्हा उघडणार. ती धानाच्या बांधीत उतरली. चिखल जखमेत गेला. दुखत नव्हतं म्हणून तिलाही कळलं नाही. वास आला तेव्हा सेवकरामला कळलं. दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली, उरलेली दोन हळूहळू आत वळली. असा हात पदरात लपत नाही. कुंताबाई तेवढी एकदा येऊन ओसरीत बसली आणि उठून गेली. त्यानंतर तिच्या आंगणातून मोजेवाली अशी हाक आली नाही. कोणतीच हाक आली नाही.

शहापूरला बातमी जायला दिवाळी लागली. सेवकराम लेकीला दिवाळीसाठी आणायला गेला आणि एकटाच परत आला. त्याला ओसरीच्या खाली बसवलं होतं आणि चहा फुटक्या कानाच्या कपात दिला होता. हे त्यानं सांगितलं नाही. सांगितलं एवढंच, की शकुन दारापर्यंत आली होती. बरी आहे. नांदून राहिली. पुढं रेवताबाईच्या गोळ्या संपल्या आणि डॉक्टरांनी रोग बरा झाल्याचा कागद दिला, तेव्हा सेवकराम तो घेऊन पुन्हा शहापूरला गेला. इश्वरजींनी कागद दोनदा वाचला, नीट घडी करून परत दिला. कागद खरा असन म्हणाले, पण घरच्या बायका आयकत नाहीत.

शकुन आली ती शहाऐंशी साली, एका दिवसासाठी. तेजराम एसटी स्टँडवरच थांबला होता. ती आंगणात आली, मायचा हात पाहिला आणि ओसरीच्या पायरीवर बसली. बराच वेळ दोघी धानाबद्दल, म्हशीबद्दल बोलल्या. मग शकुन म्हणाली, "मले सांगाले काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू मले रोट्या करू दिल्या असत्या?"



"मले वाटे माही माय मले लाथाडते," शकुन म्हणाली. "कुंताकाकूकडे वेणी घालाले जाऊ तं रस्ताभर तेच वाटे."

रेवताबाई ऐकत राहिली.  मग उठून आत गेली, चुलीवर भात होता तो बघून आली. डाव्या हातानं पाण्याचा लोटा आणून पायरीवर ठेवला. शकुननं लोट्याकडे बघितलं, पण हात पुढं केला नाही. तिनं पिशवीतून स्वतःचा डबा काढला.

"सासू म्हणाली, तिकडं काही खाऊ नको. पाणीबी नको पिऊ."

"मंग नको पिऊ."

"माय, मले काही वाटत नाही. मी खाते आता, तू वाढ."

"ते पुसतीन तुले. अन् तुले खोटं बोलता येत नाही." रेवताबाईनं लोटा उचलून आपल्या बाजूला ठेवला. "डब्यातलं खा. तेजराम तिकडं बसून आहे."

शकुन मान खाली घालून जेवली. रेवताबाई तिचे घास मोजल्यासारखी बघत होती. अर्ध्यावर शकुननं डबा बंद केला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा उघडला आणि उरलेली एक रोटी, वांग्याची भाजी केळीच्या पानावर काढून मायसमोर ठेवली. गाडीची वेळ झाली होती. पाया पडताना तिनं मायचा उजवा हात धरायचा प्रयत्न केला. रेवताबाईनं तो धरू दिला, थोडा वेळ. मग जा म्हणाली.

सेवकराम तिला पोचवायला स्टँडपर्यंत गेला. रेवताबाई पायरीवर बसून पान पुढं ओढून घेऊन जेवू लागली. लेकीच्या हातची लांब रोटी ती पहिल्यांदाच खात होती. भाजीत मीठ जास्त होतं. रोटी जाड होती, मधे करपलेली आणि कडेला कच्ची. कणीक घट्ट भिजवली होती, आपटलीच नव्हती. चार साध्या गोष्टी कुणी सांगितल्या असत्या तरी निभावलं असतं. तिनं रोटी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली आणि पान उचलून म्हशीपुढं टाकलं.